जंताची गोळी वर्षातून दोनदा. मग जंत पुन्हा येतात कुठून?

वैभववाडी : लावणी आटोपलेली असते. शेतात पाणी, बांधावर गवत आणि घरात ओलसर कपड्यांचा वास. अशा दिवसांत शाळेतून आणि अंगणवाडीतून निरोप येतो, की उद्या जंताची गोळी आहे, पोरांना जेवून पाठवा. निरोप आला की वाडीत दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. एक म्हणजे, "आमच्या पोराक जंत नाहीत." दुसरं म्हणजे, "गेल्या खेपेक दिली ना, परत कित्याक?" मग मोबाईलवर कुठल्या तरी लांबच्या गावातला व्हिडिओ फिरतो, गोळी खाऊन पोरांना चक्कर आली म्हणून. दुसऱ्या दिवशी वर्गातली दोन-चार पोरं घरीच राहतात.

यातला "परत कशाला" हा प्रश्न चुकीचा नाही. गोळी खरोखर काम करत असेल, तर ती सहा महिन्यांनी पुन्हा का द्यावी लागते? याचं उत्तर गोळीत मिळत नाही. ते आपल्या परसात, विहिरीच्या काठावर, शौचालयाच्या खड्ड्यात आणि पोरांच्या नखात आहे. ते नीट समजून घेतलं तर गोळीचाही उपयोग होतो आणि गोळीनंतर घरात काय करायचं तेही कळतं.

जंत एकच नाही

आपण सगळ्यांना मिळून जंत म्हणतो. प्रत्यक्षात पोटात राहणारे परजीवी बऱ्याच जातींचे असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याच अन्नावर जगणारा. आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ आठवा. ते झाड लगेच मारत नाही, पण फांदी वाळवत नेतं. पोटातल्या जंताचंही तसंच आहे.

मातीतून येणारे मुख्य तीन. पहिला गोलकृमी. हा गांडुळासारखा दिसतो, पांढरट गुलाबी, १५ ते ३५ सेंटिमीटर लांब. शौचातून पडलेला दिसतो तो बहुतेक वेळा हाच. दुसरा चाबूककृमी, चार-पाच सेंटिमीटरचा, एक टोक दोऱ्यासारखं बारीक. तिसरा अंकुशकृमी, जेमतेम एक सेंटिमीटरचा. हा डोळ्याला सहसा दिसत नाही, पण रक्त पितो तो हाच.

याशिवाय पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखे बारीक कृमी असतात. ते रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालतात, त्यामुळे पोर झोपेत खाजवत बसतं. मांसातून येणारे चपटे फीतकृमी वेगळे. आणि डोळ्याला न दिसणारे, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे अमिबा आणि जिआर्डिया तर आणखी वेगळे. आव पडते, पोट मुरडतं, महिनोन् महिने ढेकर आणि पातळ शौचाचा त्रास राहतो, त्यामागे पुष्कळदा हे दोघे असतात.

परसातली ओली माती आणि अनवाणी पाय

अंकुशकृमीची वाट सगळ्यात विचित्र आहे. जंत असलेला माणूस उघड्यावर बसला की शौचाबरोबर अंडी मातीत पडतात. माती ओलसर, उबदार आणि सावलीतली असेल, तर एक-दोन दिवसांत अंडी फुटून अळ्या बाहेर येतात. आठवडाभरात त्या माणसाच्या अंगात शिरायला तयार होतात आणि चांगली जागा मिळाली तर तीन-चार आठवडे मातीत वाट बघत राहतात.

तेवढ्यात कोणाचा अनवाणी पाय पडला की अळी कातडीतून आत शिरते. बोटांच्या बेचक्यात खाज येते, बारीक पुरळ उठतं. आपल्याकडे पावसात पायाला चिखल्या होतात, त्यातच हे खपून जातं. पुढे अळी रक्तातून हृदयात, तिथून फुफ्फुसात जाते. फुफ्फुसातून वर घशाशी येते, थुंकीबरोबर गिळली जाते आणि शेवटी आतड्यात पोचते. तिथे तोंडाने आतड्याला चिकटते आणि रक्त पिऊ लागते. दीड-दोन महिन्यांत तिची अंडी पुन्हा शौचातून बाहेर पडायला लागतात.

जंत पायातून पोटात जातो हे आधी डॉक्टरांनाही खरं वाटत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आर्थर लूस नावाचा जर्मन संशोधक इजिप्तमध्ये कैरो इथे या अळ्यांवर काम करत होता. अळ्या असलेलं पाणी चुकून त्याच्या हातावर सांडलं. तिथे जळजळ झाली, कातडी लाल झाली. काही आठवड्यांनी त्याने स्वतःचं शौच तपासलं तर त्यात अंकुशकृमीची अंडी. तोंडाने काहीही गेलं नव्हतं.

इथे शेतकऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. लावणीच्या चिखलात दिवसभर पाय बुडालेले असतात, म्हणून भीती तिथेच असेल असं वाटतं. पण या अळीला साचलेलं पाणी मानवत नाही. तिला हवी असते ओलसर, भुसभुशीत, सावलीतली माती. म्हणजे केळी-माडाखालची जागा, परसातलं भाजीचं वाफं, न्हाणीमागचा ओलावा, काजूच्या बागेतली झाडोऱ्याआडची जागा आणि लोक जिथे आडोशाला बसतात ती पायवाट. लावणीत चप्पल घालता येत नाही हे खरं. पण घरामागे जाताना, बागेत वावरताना आणि शौचालयात जाताना चप्पल घालायला काहीच अडचण नसते. जास्त गरज तिथेच आहे.

रक्ताचा हिशोब

एक अंकुशकृमी किती रक्त पितो? त्याच्या माणसात सापडणाऱ्या दोन मुख्य जाती आहेत. एक जात दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घेते, दुसरी ०.१५ ते ०.२ मिलिलिटर. आकडा बघितला तर काहीच नाही असं वाटतं.

आता कमी पिणारी जात धरा आणि पोटात शंभर जंत आहेत असं समजा. दिवसाला ३ मिलिलिटर. महिन्याला ९० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. ज्या बाईला दर महिन्याला पाळीत रक्त जातं, जिच्या ताटात भात आणि पातळ आमटी जास्त, पालेभाजी, कडधान्य, मासे कमी आणि जी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते, तिच्या अंगातून हा कप दर महिन्याला जात राहिला तर काय होणार? वर्षभरात ती पांढरीफटक पडते. दोन घागरी आणताना धाप लागते. घाटी चढताना छातीत धडधडतं. घरातले म्हणतात, वय झालं, नाहीतर म्हणतात, काम नको म्हणून करते.

पोराचंही असंच. वर्गात झोपतं, खेळात मागे पडतं, जेवण अंगाला लागत नाही. त्याला आळशी म्हणून शिक्का बसतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं. तिथल्या गरीब शेतकऱ्यांना सगळा देश आळशी म्हणायचा. चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये दाखवून दिलं, की त्या भागात अंकुशकृमी घराघरात आहे. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला 'आळसाचा जंतू' असंच नाव दिलं. १९०९ मध्ये रॉकफेलर यांनी १० लाख डॉलर देऊन तपासणी आणि औषधाची मोहीम सुरू केली, तेव्हा शाळेतल्या दर दहा मुलांमागे सुमारे चार मुलांच्या पोटात हा जंत असल्याचं आढळलं. त्यांना आळस नव्हता, त्यांच्या अंगात रक्त नव्हतं.

आपल्या राज्याचं चित्र बघा. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. हे सगळं जंतामुळेच आहे असं नाही. खाणं अपुरं, लागोपाठची बाळंतपणं, वारंवारचे आजार ही कारणं मोठी आहेत. पण घरात लोहाच्या गोळ्या येतात आणि पोटात जंत बसलेले असतात, तेव्हा ते फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखं होतं. म्हणूनच सरकारच्या रक्तक्षयविरोधी कार्यक्रमात लोहाची गोळी आणि जंताची गोळी या दोन्ही एकत्र ठेवलेल्या आहेत.

एका मादीची दिवसाला दोन लाख अंडी

गोलकृमी पायातून येत नाही, तोंडातून येतो. त्याची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी शौचातून बाहेर पडली की लगेच बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती तयार होतात. त्यांचं कवच इतकं चिवट असतं की ओलसर, सावलीच्या मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. उन्हाने कडक तापलेल्या मातीत मरतात, पण आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने झाडांची सावली. कोकणाची हवा आपल्याला मानवते, तशी ती या अंड्यांनाही मानवते.

मातीत खेळलेलं पोर हात न धुता भाकरी खातं, तेव्हा नखातली अंडी पोटात जातात. परसातला मुळा, कोथिंबीर, काकडी, चिबूड नुसतं पदराला पुसून खाल्लं तरी तेच. गोलकृमीची अळीसुद्धा आधी फुफ्फुसाची वारी करून मगच आतड्यात येते. म्हणून जंत झालेल्या पोराला कधी कधी कोरडा खोकला लागतो. जंत फार वाढले तर त्यांचा गोळा होऊन आतडं तुंबतं आणि ऑपरेशनची वेळ येते. असं क्वचित होतं, पण होतं.

आता सुरुवातीचा प्रश्न सुटतो. गोळी आतड्यातले जंत मारते. ती परसातली अंडी मारत नाही. गोळी घेतल्यावर महिनाभरात पोर त्याच मातीत खेळलं, तसंच न धुता खाल्लं, तर नवीन जंत वाढायला लागतात आणि दोन-तीन महिन्यांत ते स्वतः अंडी घालू लागतात. त्यात एकट्या पोराला गोळी दिली आणि घरातलं दुसरं कोणी उघड्यावर जात राहिलं, तर अंड्यांचा पुरवठा चालूच राहतो.

जिल्हा हागणदारीमुक्त, मग जंत कसे?

हा प्रश्न सिंधुदुर्गात कोणीही विचारेल आणि तो विचारायलाच हवा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून इथल्या गावांनी मनावर घेऊन काम केलं. २०१६ मध्ये केंद्राच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाटीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला. हे यश खोटं नाही. त्यामुळे पोटाचे आजार नक्कीच कमी होतात.

पण घराला शौचालय असणं आणि मैला मातीत न मिसळणं यात थोडं अंतर आहे. ते अंतर चार ठिकाणी दिसतं.

पहिलं, लहान बाळाचं शौच. बाळाच्या शौचात काय घाण असणार, असं समजून ते केरासोबत परसात टाकलं जातं. खरं तर जंत सगळ्यात जास्त लहान मुलांतच असतात. बाळाचं शौचही शौचालयातच टाकायचं.

दुसरं, खड्डा. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक भरला की तो बंद करायचा आणि दुसरा चालू करायचा, अशी पद्धत आहे. बंद केलेला खड्डा निदान एक वर्ष, जमलं तर दोन वर्षं तसाच ठेवायचा. तेवढ्या काळात आतला मैला मातीसारखा होतो. घाई करून सहा महिन्यांत उपसला आणि आंब्या-काजूच्या बुंध्याला घातला, तर लाखो जिवंत अंडी आपणच बागेत पेरतो. एकच टाकी असलेल्या घरांनी टाकी उपसून व्हाळात किंवा बागेत सोडणं हेही तितकंच वाईट.

तिसरं, पावसाळा. आपल्याकडे जुलैमध्ये जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डे तुंबतात. जांभ्या दगडाला भेगा आणि भोकं असतात, त्यातून पाणी लांबवर झिरपतं. म्हणून शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि विहिरीच्या उताराकडच्या अंगाला असावा. खड्डा वरच्या बाजूला आणि विहीर खाली असेल, तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

चौथं, घरापासून लांबची कामं. काजूच्या बागेत दिवसभर राबणारी माणसं, जंगलात लाकडाला जाणारे, ऊस तोडायला किंवा चिऱ्याच्या खाणीवर, वीटभट्टीवर बाहेरून आलेली कुटुंबं. त्यांच्यासाठी तिथे शौचालय नसतं. दोष त्यांचा नाही. कामाच्या जागी साधी सोय करणं हे काम देणाऱ्याचं काम आहे. आणि त्यांच्या पोरांनाही गावातल्या अंगणवाडीतून गोळी मिळायला हवी. शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही गोळी देण्याचा नियम आहेच.

टीसीएल टाकली, तरी आव का?

पावसाळ्यात गावचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. त्याने कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जंतू मरतात, म्हणून ती टाकलीच पाहिजे. पण अमिबा आणि जिआर्डिया पाण्यात जाड कवच घेऊन असतात. नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनला हे कवच दाद देत नाही. पाण्याला क्लोरीनचा वास येत असूनही घरात आव पडते, त्याचं हे एक कारण.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय चुलीवर आहे. पाणी खळखळ उकळलं आणि उकळी फुटल्यावर एखादं मिनिट तसंच ठेवलं की हे परजीवी मरतात. पाणी गढूळ असेल तर आधी दुपदरी-चौपदरी सुती कापडाने गाळून घ्यावं. उकळलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि ओगराळ्याने काढायचं. तांब्या आणि बोटं आत बुडवली तर उकळण्याचा काही फायदा राहत नाही.

अमिबा कधी कधी आतड्यातून यकृतात जातो आणि तिथे गळू होतं. उजव्या बरगडीखाली दुखतं, थंडी वाजून ताप येतो, खांद्यापर्यंत कळ जाते. दारू पिणाऱ्या पुरुषांत हे जास्त दिसतं. मलेरिया म्हणून अंगावर काढत बसू नये, सोनोग्राफीत ते लगेच कळतं आणि वेळेत औषध झालं तर बरं होतं.

वैभववाडीपुरतं नाही, जगभर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात मातीतून येणारे जंत आहेत. म्हणजे दर चार माणसांतला जवळजवळ एक. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, चीन, आग्नेय आशिया आणि आपला भारत इथे ते जास्त आहेत. भारतात १ ते १४ वयाच्या सुमारे २२ कोटी मुलांना जंताचा धोका असल्याचं संघटनेने सांगितलं होतं.

हे जंत माणसाबरोबरच जग फिरले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर अंकुशकृमी अमेरिकेत पोचला. स्वित्झर्लंडमध्ये १८७२ ते १८८२ या काळात आल्प्स पर्वताखालून सुमारे १५ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा खोदला गेला. आत उष्णता, ओल आणि हजारो मजुरांना शौचालय नाही. मजूर पांढरे पडून मरायला लागले. १८८० मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी शोधलं तर कारण अंकुशकृमी. उष्ण देशांतला जंत बर्फाच्या डोंगराखाली पोचला होता, कारण बोगद्यात त्याला हवी तशी ओली, उबदार माती मिळाली होती.

आणि हे कमी करता येतं याचाही दाखला आहे. दक्षिण कोरियात १९७१ मध्ये देशभर शौचतपासणी झाली, तेव्हा ८४.३ टक्के लोकांत जंत सापडले. भातशेतीचाच देश, शेताला मानवी मैल्याचं खत घालायची जुनी चाल. त्यांनी शाळेतल्या मुलांचं शौच वर्षातून दोनदा तपासलं, जंत असलेल्यांना औषध दिलं, मैल्याचं खत बंद केलं, शौचालयं आणि नळाचं पाणी आणलं. १९९२ च्या पाहणीत तो आकडा ३.८ टक्क्यांवर आला होता. वीस-बावीस वर्षं लागली. गोळीसोबत मातीतली घाण थांबवली, म्हणून ते झालं.

शेजारच्या गिमवीची आठवण

असले आजार लांबच्या देशातले, असं समजायला नको. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जायचं. १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी दाखवून दिलं, की हा शिस्टोसोमा नावाच्या परजीवीचा आजार आहे. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांना होणारा आजार कोकणातल्या एका गावात सापडला होता. हा परजीवी आतड्याचा नव्हे, मूत्राशयाच्या बाजूचा, पण त्याची रीत ओळखीचीच. रुग्णाच्या लघवीतून अंडी पाण्यात जातात, पाण्यातल्या बारीक शिंपल्यासारख्या गोगलगायीत वाढतात आणि त्या पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतात.

आपल्याकडेही ओढ्यावर धुणं, पोरांचं पोहणं, गुरांना पाजणं एकाच ठिकाणी चालतं. गिमवीने शिकवलं ते एवढंच, की गावात बऱ्याच जणांना एकच त्रास होत असेल तर तो 'आमच्या पाण्याचा गुण' म्हणून सोडून देऊ नये. लघवीत किंवा शौचात रक्त दिसलं की तपासणी करायची.

गोळीबद्दल सरळ माहिती

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला. साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास गोळी दिली जाते. त्या दिवशी राहिलेल्या मुलांसाठी आठवड्याभरात आणखी एक दिवस ठेवलेला असतो. गोळीचं नाव अल्बेंडॅझोल, ४०० मिलिग्रॅम, फुकट.

एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, दोन चमच्यांत चुरून पाण्यातून. दोन ते तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण गोळी, पण चुरूनच. तीन ते एकोणीस वर्षांपर्यंत पूर्ण गोळी चावून खायची. रडणाऱ्या, आडव्या झोपलेल्या बाळाला जबरदस्तीने गोळी देऊ नये, घशात अडकते. त्या दिवशी ताप असेल, मूल आजारी असेल, तर बरं झाल्यावर द्यावी. ज्याला फिट येते किंवा आधी आलेली आहे, त्याच्याबद्दल आधी डॉक्टरांना सांगावं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नये. चौथ्या महिन्यानंतर आरोग्य केंद्रातूनच गरोदर बाईला ती दिली जाते.

गोळीनंतर काही मुलांना मळमळ, पोटात दुखणं, थोडी चक्कर असं होतं. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला हा त्रास थोडा जास्त, कारण आत जंत मरत असतात. सावलीत बसवून पाणी पाजलं की बहुतेक वेळा काही तासांत थांबतं. त्रास वाढला तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवावं. मोबाईलवरच्या व्हिडिओत चक्कर दिसते, ती का आली आणि पुढे काय झालं ते दिसत नाही.

गोळी सगळ्यांवर सारखी चालत नाही हेही सांगायला हवं. गोलकृमीवर ती फार चांगली, अंकुशकृमीवर बऱ्यापैकी, चाबूककृमीवर एका डोसात कमी. अमिबासाठी औषध वेगळं असतं. म्हणून गोळी घेऊनही त्रास राहिला तर शौचाची तपासणी करून घ्यावी.

गूळ खाल्ल्याने जंत होत नाहीत

आपल्याकडे काही समज पक्के आहेत. गूळ, साखर खाल्ल्याने जंत होतात, हा त्यातला पहिला. गोडाने दात किडतात, जंत होत नाहीत. जंत अंड्यातून किंवा अळीतून येतो, गुळातून येत नाही. झोपेत दात खाणं म्हणजे जंत, हेही खरं नाही. जंत नसलेली मुलंही दात खातात. तोंडावर पांढरे डाग म्हणजे जंत, हाही तसाच समज.

वावडिंग हे आयुर्वेदातलं जंतावरचं जुनं औषध आहे आणि घरोघरी बाळाला उगाळून दिलं जातं. पण किती दिलं म्हणजे किती जंत मरतात याचा अंदाज घरी येत नाही. वावडिंग देतो म्हणून गोळी नको, असं करू नये.

शाकाहारी माणसाला फीतकृमीचा धोका नाही, हा समजही चुकीचा. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून फीतकृमी आतड्यात येतो. पण त्याची अंडी मैल्यातून भाजीला लागली आणि कच्ची भाजी न धुता खाल्ली, तर अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि फिट येते. त्यात मांस खाणारा आणि न खाणारा असा फरक राहत नाही. मणिपूरमध्ये कच्चे खेकडे खाल्ल्याने फुफ्फुसात परजीवी जातो आणि तो आजार टीबी समजून औषध चालू राहतं, असं डॉक्टरांना दिसलेलं आहे. आपल्याकडे कुर्ल्यांचं सार चांगलं शिजवतात, ते बरं आहे. पोरं शेतावर जाळ करून कुर्ली अर्धीकच्ची भाजून खातात, तेवढं टाळावं.

घरात करायचं ते

जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात. राखेनेही चालतं, मातीने नको, कारण अंडी मातीतच असतात. पोरांची नखं दर आठवड्याला काढायची. कच्चं खायचं ते वाहत्या पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवायचं. घरामागे जाताना चप्पल. बाळाचं शौच शौचालयात. भरलेला खड्डा वर्षभर तरी उघडायचा नाही. पावसाळ्यात पाणी उकळून. आणि घरातल्या बाईला धाप लागत असेल, डोळ्याची खालची पापणी आतून पांढरी दिसत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वैभववाडीच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त आणि शौच दोन्ही तपासून घ्यायचं. ही तपासणी मोठ्या खर्चाची नाही. वेळ मात्र काढावा लागतो, आणि घरच्या बाईसाठी तो वेळ सहसा कोणी काढत नाही.

पुढच्या वेळी शाळेतून निरोप आला की पोराला जेवून पाठवा. गोळी खाऊन ते घरी आलं की दारातच त्याचे हातपाय धुवा आणि परसाकडे जाताना पायात चप्पल आहे का बघा. पोटातले जंत गोळीने जातील. परसातले थांबवणं घरातल्या माणसांच्याच हातात आहे.